गांवच्या हापशाची घडण

एखादी वस्तु पुष्कळ खपली म्हणजे ती यशस्वी झाली, असा समज व्यापारांत फार दिवसांपासून रूढ आहे. वहीखात्याच्या दृष्टीनें तो चुकीचाही नव्हे. परंतु वस्तु दुकानांतून बाहेर पडली कीं वहीखात्याचा तिच्याशीं संबंध संपतो, आणि तिचें खरें आयुष्य तर तेथूनच सुरू होतें. ती कोणाच्या हातीं पडते, दिवसांतून किती वेळां वापरली जाते, मोडली तर ती कोण दुरुस्त करतो, आणि दुरुस्त होईपर्यंत वापरणाराचें कसें चालतें, या प्रश्नांचीं उत्तरें विक्रीच्या आंकड्यांत सांपडत नाहींत. त्यांतही जेथें घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, तेथें घोटाळा हटकून होतो. यजमानांनीं स्वस्त म्हणून आणलेल्या स्टोव्हला रोज पिन मारण्याची पाळी गृहिणीवर येत असे, हें जुन्या पिढीच्या श्रोत्यांना आठवत असेल. किंमत एकानें पाहिली, गुणदोष दुसऱ्यानें भोगले.

घरांत अशी चूक झाली तर फार तर चहाला उशीर होतो. तीच चूक सबंध देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतींत झाली तर काय होतें, ती कशी ध्यानांत आली आणि कशी सुधारण्यांत आली, याची कथा हापशाच्या इतिहासांत वाचावयास मिळते. खेड्यांतील लोक ज्याला हापसा किंवा हापशी म्हणतात आणि सरकारी कागदांत ज्याचें नांव हातपंप असें आहे, तें हें लोखंडी यंत्र प्रवासांत मोटारीच्या खिडकींतून पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहावें असें त्यांत कांहीं दिसत नाहीं. परंतु त्याच्या आजच्या रूपामागें पुष्कळ लोकांचे श्रम आहेत, आणि त्या श्रमांत जालना व सोलापूर या दोन गांवांचा वाटा मोठा आहे.

दख्खनच्या पठारावर पाण्याचा प्रश्न मुळांत कातळाचा प्रश्न आहे. वरचा मातीचा थर पातळ, आणि त्याखालीं काळा पाषाण. पाऊस पडतो, पण मुरलेलें पाणी सांठतें तें या पाषाणाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. तेथवर पोंचावयाचें तर टिकाव, पहार आणि सुरुंग यांनीं महिनेच्या महिने खणावें लागे, आणि एवढें करूनही चैत्र-वैशाखांत तळ उघडा पडण्याची भीति असे. १९६६-६७ सालीं बिहारमध्यें दुष्काळ पडला, तेव्हां संयुक्त राष्ट्रांच्या बालक-निधीनें, म्हणजे युनिसेफनें, दाबलेल्या हवेच्या बळावर कातळ भेदणारीं यंत्रें या देशांत आणलीं. पुढें १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. जी खोली गांठावयास माणसांना महिने लागत, ती हीं यंत्रें एक-दोन दिवसांत गांठीत. गांवोगांव विंधणविहिरी पडूं लागल्या, आणि पाण्याचा प्रश्न आतां सुटला, अशी आशा वाटूं लागली.

परंतु विंधणविहिरीचें तोंड अवघें चार ते सहा इंच रुंद असतें. त्यांत पोहरा जात नाहीं, घागर जात नाहीं. जुन्या विहिरीवर दोर तुटला तर शेजारणीचा दोर मागून आणतां येत असे. येथें शंभर-सव्वाशे फुटांवर पाणी असूनही वर बसविलेला पंप बंद पडला कीं तें असून नसल्यासारखें. म्हणजे विहीर खणण्याचें सारें श्रेय शेवटीं त्या छोट्या पंपाच्या हातीं गेलें, आणि त्या पंपाचा विचार मात्र कोणीं फारसा केला नव्हता.

प्रारंभीं जे पंप बसविण्यांत आले ते बहुतांशीं बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे होते. युरोप-अमेरिकेंत शेतकऱ्याच्या अंगणांत जो पंप असे, त्याचीच ती नक्कल होती. मूळ पंपांत दोष होता असें नाहीं. ज्या अंगणासाठीं तो घडविला गेला तेथें त्यानें वर्षानुवर्षें इमानानें काम केलें. तें अंगण एका कुटुंबाचें होतें, एवढाच काय तो फरक. आणि हा फरक किती मोठा आहे हें साध्या हिशेबानें समजतें.

दांडा एकदां खालवर केला कीं सुमारें चार-दशांश लिटर पाणी येतें असें धरूं. माणशीं दिवसाला ४० लिटर पाणी लागतें असें मानलें, तर सहा माणसांच्या कुटुंबाला २४० लिटर पुरतात, आणि तेवढ्यासाठीं दांडा ६०० वेळां हालवावा लागतो. पुढें सरकारनें जें मान ठरविलें त्याप्रमाणें एक हापसा २५० माणसांसाठीं असावयाचा. २५० माणसांना दर माणशीं ४० लिटर म्हणजे १०,००० लिटर झाले, आणि दांड्याचे २५,००० हेलकावे झाले. मिनिटाला ४० हेलकावे असा न थकतां वेग ठेवला तरी दहा तासांहून अधिक वेळ तो दांडा थांबत नाहीं. वर्षाच्या अखेरीस ही संख्या नव्वद लाखांच्या वर जाते. एका कुटुंबासाठीं घडविलेलें यंत्र अशा रीतीनें चाळीस कुटुंबांच्या हातीं देण्यांत आलें. पंप घेणाऱ्या कचेरीला एक पंप दिसत होता. गांवाला मात्र नव्वद लाख हेलकावे दिसावयाचे होते.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. दांड्याच्या खिळी आणि त्यांचीं भोंकें झिजलीं, दांडा डुगडुगूं लागला, धक्क्यांनीं बिडाचे भाग तडकले. बीड ठिसूळ, तें वांकत नाहीं, फुटतें, आणि गांवच्या लोहाराला तें सांधतां येत नाहीं. पंपाचें बूड ओट्यावर सैल झालें कीं सांडलेलें घाण पाणी त्याच फटींतून पुन्हां विहिरींत उतरे. १९७४ सालच्या पाहणींत असें आढळून आलें कीं बसविलेल्या पंपांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश पंप बंद आहेत. तोंवर कामाचा हिशेब होत होता तो खणलेल्या विहिरींचा आणि बसविलेल्या पंपांचा. आज किती ठिकाणीं पाणी येत आहे, हा आंकडा मांडण्याची कोणास गरज वाटली नव्हती, आणि खरा आंकडा तर तोच होता.

बंद पंपाचा अर्थ कचेरींत एक आणि गांवांत दुसरा असतो. कचेरींत तो रकान्यांतील एक खूण होय. गांवांत त्याचा अर्थ असा कीं बायकांनीं डोक्यावर हंडा घेऊन पुन्हां जुन्या ओढ्याची किंवा पायऱ्यांच्या विहिरीची वाट धरावयाची. या पायऱ्यांच्या विहिरी दिसावयास रम्य, पण त्यांत एक भयंकर रोग दडलेला असे. नारूनें पछाडलेला माणूस पाण्यांत उतरला कीं त्याच्या जखमेंतून नारूचीं सूक्ष्म पिलें पाण्यांत पडत, तेथील बारीक जलकीटकांच्या पोटांत वाढत, आणि तें पाणी पिणाराच्या शरीरांत वर्षभरानें हातभर लांबीचा कृमि होऊन पाय फोडून बाहेर येत. ऐन पेरणीच्या दिवसांत सबंध घर अंथरुणाला खिळलेलें असण्याचे प्रसंग येत. महाराष्ट्रांतील कांहीं भागही या रोगानें ग्रासलेले होते. ज्या पाण्यांत कोणाचेंही पाऊल बुडूं शकत नाहीं तें पाणी देणारा हापसा हा नारूवरील एक खात्रीचा उपाय होता. मात्र तो चालू असला तरच.

आतां सुधारणेला आरंभ कोठें झाला हें पाहण्यासारखें आहे. तो राजधानींत झाला नाहीं, कीं मोठ्या कारखान्यांतही झाला नाहीं. मराठवाड्यांतील जालना येथें आणि सोलापूर येथें मिशनऱ्यांच्या साह्यानें विहिरी खणून देण्याचें काम चाले. सोलापुरांतील संस्थेचें नांव ‘शोलापूर वेल सर्व्हिस’ असें होतें. या मंडळींची अडचण अशी होती कीं ज्या गांवांत त्यांनीं पंप बसविला त्या गांवचे लोक तो बिघडला कीं त्यांच्याच दारीं येत. दूरच्या कारखानदारास ही अडचण नव्हती. त्याचा माल विकला गेला कीं त्याची जबाबदारी संपे. तक्रार ऐकणारा आणि यंत्र घडविणारा हे दोघे येथें एकाच आवारांत होते, आणि यांतच सुधारणेचें बीज होतें.

त्यांनीं केलेले बदल कल्पक असूनही साधे होते. बिडाच्या जागीं पोलादाचे पत्रे व नळ्या जोडून पंपाचें डोकें तयार करण्यांत आलें. तें फुटत नाहीं, आणि फुटलेंच तर सांधतां येतें. जुन्या पंपांत दांड्याला अनेक सांधे व खिळी असत आणि प्रत्येक खीळ झिजे. त्यांऐवजीं दांडा एकाच आसावर फिरूं लागला. त्या आसाला बंदिस्त बॉल-बेअरिंगें बसविलीं, म्हणजे रोज तेल घालण्याची जरूर उरली नाहीं. गांवांत तेल घालावयाचें कोणीं आणि आणावयाचें कोठून, हा प्रश्नच त्यामुळें नाहींसा झाला. दांडा अर्धवर्तुळांत फिरतो, पण पाण्यांतील दट्ट्याची कांब सरळ वर यावयास हवी. ती जर दांड्याला घट्ट जखडली तर प्रत्येक वेळीं कडेला ओढली जाऊन झिजते. म्हणून दांड्याच्या टोकाला चाकाच्या तुकड्यासारखा भाग बसवून त्यावरून साखळी सोडण्यांत आली. रहाटावरून दोर जसा सरळ खालीं लोंबतो, तशी ती कांब साखळीला लोंबूं लागली. दट्ट्या वर नेण्याचें काम साखळीचें, खालीं आणण्याचें काम कांबेच्या स्वतःच्या वजनाचें.

या पायावर पुढील इमारत उभी राहिली. केंद्र सरकार, युनिसेफ, त्या वेळच्या मद्रासमधील यंत्रसंशोधन संस्था आणि तेथील रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनीं मिळून सोलापूरच्या नमुन्याचा पुन्हां कसून विचार केला. पंप कसा असावा याचें त्यांनीं जें मनाशीं धरलें, तें यंत्राच्या भाषेंत नव्हे, तर वापरणाराच्या भाषेंत सांगतां येण्यासारखें आहे. बाईमाणसाला आणि जाणत्या मुलाला तो हालवितां यावा. निदान वर्षभर तो बिघडूं नये. देशांतल्या साध्या कारखान्यांत तो घडवितां यावा. बसविण्यास अवघड नसावा, आणि किंमत अशी असावी कीं लाखांनीं बसवितां येईल. यांपैकीं एकेक अट साधणें सोपें असतें. सर्व अटी एकत्र साधणें यांतच कसब असतें.

नमुने तयार झाल्यावर त्यांची परीक्षा कोठें घ्यावयाची? प्रयोगशाळेच्या अंगणांत पंप नेहमीं चांगलाच चालतो. म्हणून १९७६-७७ च्या सुमारास ते तामिळनाडूंतील कोइंबतूरच्या परिसरांत उभे करण्यांत आले. तेथें पाणी खोल, आणि भरणारांची गर्दी मोठी. ज्या ठिकाणीं पंप मोडण्याचा संभव अधिक, तें ठिकाण मुद्दाम निवडण्यांत आलें. वस्तु घडविणारे बहुधा याच्या उलट करतात. आपली वस्तु जेथें शोभून दिसेल तेथें ती प्रथम नेतात, आणि मग बाजारांत तिची फजिती झाली म्हणजे गिऱ्हाइकाला दोष देतात. या परीक्षेंतून पार पडलेल्या पंपाचें उत्पादन १९७७-७८ च्या सुमारास सुरू झालें. त्याचें नांव ‘इंडिया मार्क दोन’.

त्याचा दांडा भरीव पोलादी कांबेचा आणि चांगला वजनदार असतो. पाहणाराला तें वजन निष्कारण वाटतें, पण खालीं लोंबणाऱ्या कांबांचा भार तोलण्यासाठीं तें आहे. तरफेचें प्रमाण आठास एक असल्यामुळें जड ओझें थोड्या बळानें उचललें जातें. दीडशे फुटांपर्यंतचें पाणी तो वर आणतो, आणि ४० हेलकाव्यांत सुमारें १५ लिटर पाणी देतो. म्हणजे बाईची एक घागर एका मिनिटांत भरते. त्याचे पाय काँक्रीटच्या ओट्यांत पक्के रोवलेले असतात आणि त्याचें बूड विहिरीच्या नळावर टोपणासारखें बसतें, त्यामुळें ओट्यावरील सांडपाण्याला विहिरींत शिरण्यास वाव राहत नाहीं.

येथें कथा संपली असती तर ती एका चांगल्या यंत्राची कथा झाली असती. परंतु चांगला नमुना काढणें आणि तो लाखांच्या संख्येनें चांगला राखणें, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. या पंपावर कोणाचा एकाधिकार ठेवलेला नव्हता. ज्या कारखानदाराला तो घडवावयाचा असेल त्यानें घडवावा. यामुळें चढाओढ लागून किंमत आटोक्यांत राहिली, पण स्वस्तांतला माल चांगल्या मालाच्या नांवाखालीं खपण्याचें भयही निर्माण झालें. तें टाळण्यासाठीं १९७९ सालीं भारतीय मानक संस्थेनें या पंपाचें मानक प्रसिद्ध केलें. प्रत्येक भागाचें माप, धातु, जाडी आणि परीक्षा त्यांत ठरवून दिलेली आहे. अनुभवानें जे दोष दिसले त्यांप्रमाणें हें मानक वेळोवेळीं सुधारण्यांतही आलें. शिवाय कारखान्यांतून माल निघण्यापूर्वीं त्याची पाहणी तटस्थ तपासनिसांकडून करविण्याची वहिवाट पाडण्यांत आली. मानकाचा एक फायदा शहरांतील माणसास चटकन् लक्षांत येणार नाहीं. एका कारखान्याचा पंप आणि दुसऱ्याचा सुटा भाग एकमेकांस बसतात, म्हणून तालुक्याच्या गांवीं मिळेल तो भाग आणून काम भागवितां येतें. खेड्यांतल्या माणसाला कारखान्याचें नांव ठाऊक नसतें, आणि तें ठाऊक असण्याची त्याच्यावर पाळी येऊं नये, हीच मानकाची खरी किंमत होय.

आतां उरला दुरुस्तीचा प्रश्न. न झिजणारें यंत्र अजून कोणीं घडविलेलें नाहीं. तामिळनाडूंत त्यासाठीं तीन पायऱ्यांची योजना सुरू झाली. गांवांत एक राखणदार, त्यानें नट-बोल्ट आवळावे व बिघाड कळवावा. त्याच्यावर गटाचा मिस्त्री. आणि मोठ्या कामासाठीं जिल्ह्याचें फिरतें पथक. योजना कागदावर सुरेख होती, आणि पूर्वींच्या मानानें तिचा उपयोगही फार झाला. परंतु लवकरच असें दिसून आलें कीं वरचें डोकें मजबूत झाल्यावर बिघाड खालीं सरकला होता. पाण्यांत बुडालेल्या दट्ट्याला चामड्याची वाटी असे. ती झिजली कीं पाणी चढेनासें होई. वाटीची किंमत ती काय! परंतु ती बदलण्यासाठीं विहिरींतील सारे नळ वर काढावे लागत. कारण दट्ट्याचें नळकांडें अडीच इंचांचें आणि वर येणारा नळ सव्वा इंचाचा. बाटलींत पडलेलें बूच जसें तोंडांतून बाहेर येत नाहीं, तसा तो दट्ट्या नळांतून वर येत नसे. दहा-दहा फुटांचे दहा-बारा लोखंडी नळ एकेक करून वर ओढावयाचे म्हणजे चार-पांच माणसें, अवजारें आणि गाडी हवी. तीं जिल्ह्याच्या पथकाकडे, आणि पथकापुढें शेंकडों पंपांची यादी. एका चामड्याच्या वाटीसाठीं गांवानें वाट पाहत बसावयाचें, आणि तोंवर बायकांनीं पुन्हां ओढ्याची वाट चालावयाची.

१९८१ ते १९९० हें दशक संयुक्त राष्ट्रांनीं पाण्याचें दशक म्हणून पाळलें. त्या काळांत, १९८३ पासून, पुन्हां कोइंबतूरच्याच भागांत नव्या प्रयोगांना आरंभ झाला. या वेळीं विचारलेला प्रश्न वेगळा होता. पंप किती दिवस टिकतो, हा पहिला प्रश्न. तो बिघडल्यावर गांवांतल्याच माणसाला किती वेळांत सुरू करतां येतो, हा दुसरा. चामड्याच्या जागीं नायट्राइल नांवाच्या कृत्रिम रबराची वाटी आली. ती पुष्कळ अधिक टिकते. आणि वर येणारा नळच अडीच इंचांचा करण्यांत आला, म्हणजे नळ जागच्या जागीं ठेवून दट्ट्या व तळची झडप कांबेनिशीं वर ओढून काढतां येऊं लागली. जें काम पथकाचें होतें, तें आतां एक मिस्त्री आणि एक मदतनीस यांच्या आटोक्यांत आलें. हाच ‘मार्क तीन’.

मात्र सुधारणा फुकट येत नाहीं. रुंद नळ महाग, आणि वजनानें जड. कधींकाळीं तेच बदलावे लागले तर काम पूर्वींपेक्षां अवघड होतें. म्हणून मार्क तीन निघाल्यावरही मार्क दोन मागें पडला नाहीं. बहुसंख्य गांवांतून तोच उभा राहिला. सर्वांना सर्व बाबतींत सोयीची अशी वस्तु नसतेच. कोणती गैरसोय कोणीं आणि किती वेळां सोसावयाची याची वांटणी तेवढी घडविणाराच्या हातीं असते, आणि ती वांटणी वापरणाराला विचारून करावी, एवढेंच न्यायाचें आहे.

विचारावयाचें तर कोणाला? पाणी भरतात बायका आणि मुली. पण पंपाची जागा ठरविणारे, राखणदार नेमणारे आणि मिस्त्री होणारे बहुधा पुरुष. राजस्थानांत तिलोनिया येथील संस्थेनें तीन पायऱ्यांऐवजीं गांवच्याच रहिवाशाला मिस्त्री करण्याचा पायंडा घातला होता. पुढें १९९० नंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशांतील बांदा जिल्ह्यांत ‘महिला समाख्या’ या योजनेंतून खेड्यांतल्या बायकांना, ज्यांत पुष्कळशा दलित व अक्षरशत्रु होत्या, हापसे दुरुस्त करण्याचें शिक्षण देण्यांत आलें. पाने आणि चिमटे घेऊन बायका यंत्र उघडतात, हें दृश्य प्रथम कुतूहलाचें आणि थट्टेचें झालें असल्यास नवल नाहीं. परंतु यांत एक साधें व्यवहारज्ञान होतें. पंप बंद पडला कीं जिच्या डोक्यावरचा हंडा लांब जातो, तिच्याइतकी त्याच्या दुरुस्तीची घाई दुसऱ्या कोणाला असणार?

या हापशाचा प्रसार पुढें लाखांच्या संख्येनें झाला, आणि तो देशाबाहेरही गेला. युगांडानें तर त्याच्या नमुन्यावरूनच आपला राष्ट्रीय पंप ठरविला. परंतु प्रवासांतही त्याला धडा मिळाला. पश्चिम आफ्रिकेच्या कांहीं भागांत जमिनींतील पाणी आम्ल असतें. त्यानें जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ खाल्ले, पाणी तांबडें व बेचव येऊं लागलें, शिजविलेल्या अन्नाचा रंग बिघडला, आणि बायका पुन्हां जुन्या पाणवठ्याकडे वळल्या. शेवटीं तेथें न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा प्लॅस्टिकचे नळ वापरावे लागले. एका देशांत ज्या यंत्रानें वापरणाराची गरज ओळखली, तेंच दुसऱ्या देशांत न विचारतां नेलें तर परकें ठरतें. पूर्वीं बिडाच्या पंपाची जी गत भारतांत झाली, तीच भारतीय पंपाची अंशतः परदेशांत झाली.

आणखी एक मर्यादा सांगणें अवश्य आहे. हापसा पाणी वर आणतो, पाणी निर्माण करीत नाहीं. बागाइतासाठीं शेजारीं त्याहून खोल विंधणविहीर पडली आणि विजेचा पंप रात्रंदिवस चालूं लागला, कीं उन्हाळ्यांत हापशाचा दांडा हालतो पण पाणी येत नाहीं. अधिक खोलीसाठीं दांड्याला जादा वजन जोडलेला प्रकारही निघाला, परंतु ही स्पर्धा हातांच्या बळावर जिंकण्यासारखी नाहीं. तेथें यंत्राची सुधारणा संपते, आणि गांवानें आपलें पाणी वांटून कसें वापरावें या प्रश्नाला आरंभ होतो.

तरीही या यंत्राच्या पदरांत मोठें पुण्य आहे. भारतांतील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देश नारूमुक्त झाल्याचें जाहीर केलें. हें यश एकट्या हापशाचें नव्हे. घरोघर फिरून रुग्ण शोधणारे आरोग्यसेवक, पाणी गाळण्याची फडकीं आणि पायऱ्यांच्या विहिरींची सुधारणा यांचा त्यांत वाटा आहे. परंतु ज्या पंपांपैकीं तीन-चतुर्थांश एके काळीं बंद पडलेले होते, ते तसेच राहिले असते तर नारूविरुद्धचा हा झगडा कितीतरी कठीण झाला असता.

आतां यंत्रें बदललीं आहेत. मोबाईलच्या पडद्यावर मिळणारी सेवाही आज ‘वस्तु’ म्हणूनच घडविली आणि विकली जाते, आणि तिचे कर्ते किती लोकांनीं ती घेतली याचे आंकडे अभिमानानें सांगतात. त्यांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनाही हापशाच्या कथेंतील चार प्रश्न उपयोगी पडण्यासारखे आहेत. ही वस्तु हातांत धरणारा खरोखर कोण आहे? तो ती दिवसांतून किती वेळां वापरणार? ती बिघडली तर तिला हात लावण्यास त्याला कोणाची वाट पाहावी लागेल? आणि तोंवर त्याचें काय होईल? यांपैकीं पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर जालना-सोलापूरच्या कर्मशाळांनीं शोधलें, तिसऱ्याचें कोइंबतूरच्या प्रयोगांनीं आणि बांद्याच्या बायकांनीं. चौथ्याचें उत्तर मात्र कोणा इंजिनियराला शोधावें लागलें नाहीं. तें प्रत्येक खेड्यांतल्या मुलीला ठाऊकच होतें: शाळा बुडवून, डोक्यावर हंडा घेऊन, ओढ्यापर्यंत चालत जावें लागतें.